आठ पाती आणि तेलाची कुपी

२४ ऑगस्ट, रविवार

निवृत्त झाल्यावर रोजनिशी बंद केली होती. लिहायचं काय? सकाळी चक्कर, दुपारी झोप, संध्याकाळी रमाच्या मालिका. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं, म्हणून माळ्यावरून जुनी प्रॅक्टिकलची वही काढली. एक पान रेघांचं, एक कोरं. कोऱ्या पानांवर आकृत्या काढता येतील.

सकाळी अकराला दारात स्कूटी थांबली. मुलीनं नाव सांगायच्या आधीच मी हनुवटीवरून ओळखलं. अकोल्याच्या माझ्या जुन्या मित्राची, खुशालरावांची आकांक्षा. शेवटची पाहिली तेव्हा बारा वर्षांची होती. आता इथे अमरावतीतच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टी मिळाली की सेमाडोहला झाडांचे फोटो काढायला जाते. एकवीस वर्षांत त्या घरातलं माणूस माझ्या उंबऱ्याशी आलं नव्हतं. मीही गेलो नव्हतो.

तिनं पिशवीतून मऊ कापडात गुंडाळलेली लेन्स काढली. खुशालरावांची १३५ मिलिमीटरची जर्मन लेन्स. टिळक रोडवर त्यांचा स्टुडिओ होता तेव्हा ही लेन्स म्हणजे त्यांचा उजवा हात. आत आठ पातळ पोलादी पाती असतात. ती लहानमोठी होऊन किती उजेड आत जायचा ते, म्हणजे अॅपर्चर, ठरवतात. मागची खीळ दाबली की पापणी लवायच्या आत मिटली पाहिजेत. मी दाबली. चिखलातून म्हैस उठावी तशी ती हलली आणि अर्ध्यावर बसली.

नागपूरच्या एका कारागिरानं म्हणे नुसतं पाहून सांगितलं की फेकून द्या. बाबांना न सांगताच ती लेन्स घेऊन आली होती. ते दर खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेत मांडतात, विळ्यापासून ट्रॅक्टरच्या पान्यांपर्यंत. कॅमेरा मात्र मांडत नाहीत. मेलेलं यंत्र पुजायचं नसतं, म्हणतात.

"काका, यंदा पूजेत चालू कॅमेरा ठेवायचा हाय मले," ती म्हणाली. "तुमी कराल का?"

खंडेनवमी एक ऑक्टोबरला. अडतीस दिवस हातात आहेत. मी म्हटलं करीन, आणि मी स्वतः अकोल्याला नेईन, आणि दोष कोणाचा होता ते तुझ्या बाबांना तोंडावर दाखवीन. ती चहा पिऊन गेली.

ती गेल्यावर रमानं विचारलं, "लवंग खाल्ली का हो तुम्ही?" मी लवंग खाल्लेली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

झालं ते एकदा सरळ लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला खोटं पाडायला नको.

खुशालरावांच्या आई, मनकर्णाबाई. फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी त्यांची पक्की समजूत. पोरगा फोटोग्राफर आणि आईचा फोटो फक्त मतदार ओळखपत्रावर, तोही कोणाचा ते सांगावं लागेल असा. नव्वदाव्या वर्षी, २००४च्या महालक्ष्म्यांना, त्या आपण होऊन म्हणाल्या, काढ आता. खुशालरावांनी स्टुडिओचे मोठे फ्लॅश लावून, हीच लेन्स लावून बारा फोटो काढले. बाराही पांढरेफटक. पाती मिटलीच नव्हती आणि सगळा उजेड आत शिरला होता. नऊवारीचे काठ दिसत होते, चेहरा नव्हता. पुन्हा काढायचं ठरलं, तोवर त्या आजारी पडल्या आणि बाविसाव्या दिवशी गेल्या.

तेरवीला पंगत बसली होती. कोणीतरी विचारलं की आईचा फोटो का नाही लावला. खुशालराव म्हणाले, यंत्रानं धोका दिला. मी पानावर होतो. मी जे खरं तेच बोललो, की यंत्र कधी धोका देत नसतं, माणूस हलगर्जी करतो. चाळीस माणसं होती. खुशालरावांनी हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि आत गेले. पुन्हा त्यांचं बोलावणं आलं नाही, आणि बिनबोलावता जाणाऱ्यांतला मी नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्याला खरं ऐकवलं की राग येतोच.

मी हे अधिकारानं बोललो होतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो, माझ्या हाताखाली एक उपकरण मेलं नाही. लोक मला मास्तर म्हणायचे, मी होतो सहायक, पण शिकवणारे येऊन जाऊन असत आणि उपकरणं माझ्याकडे असत. फळ्याच्या कोपऱ्यात मी लिहून ठेवलं होतं: जे फिरतं त्याला तेल. माझी पितळी, लांब नाकाची कुपी अजून फळीवर आहे. शिलाई मशीनचं तेल आणि त्यात पावसाळी बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे चार थेंब, ही माझी स्वतःची कृती. दर खंडेनवमीला पहिल्या एसटीनं मी कुपी घेऊन अकोल्याला जायचो आणि कुंकू लावायच्या आधी खुशालरावांच्या एकेका यंत्राला माझ्या हातानं तेल द्यायचो. सोळा वर्षं, एकही चुकवलं नाही. म्हणजे माझ्याकडून काळजीत कसूर नव्हती. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांचे होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

लेन्स उघडली. समोरची कडी घट्ट होती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून फिरवली तेव्हा सुटली. काचा काढून पांढऱ्या कापडावर क्रमानं ठेवल्या. घड्याळजीकडून पांढरं पेट्रोल आणलं. पंखा बंद, खिडकी उघडी, रमा वैतागलेली.

पाती तेलानं काळी चकचकीत झाली आहेत. टिपकागदाचा कोपरा लावला तर कागदानं लगेच प्यायलं. अकोल्यात मे महिन्यात काय ऊन तापतं! टिनाच्या छपराखालच्या स्टुडिओत लेन्स ठेवली की कडीतलं ग्रीस वितळून पात्यांवर उतरणारच. लेन्स कुठे ठेवावी एवढी अक्कल माणसाला नको? टिपकागदाचा तुकडा तारीख घालून पाकिटात ठेवला. पाकिटावर 'पुरावा' असं लिहिलं. असे जितके निघतील तितके खुशालरावांपुढे मांडणार आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण. रमाची पाठ मोडली, पण तोंडावर तेज होतं.

आणि माझी पाती मिटली. पेट्रोल सोडायचं, खीळ दाबायची, कापसानं टिपायचं, पुन्हा पेट्रोल. सहाव्या खेपेला चट्‌कन मिटली. आकांक्षाला प्रसादाला बोलावलं होतं, तिला दाखवली. पोर हरखली. जेवताना तिला लहानपणचं आठवत होतं. म्हणाली, "तुमी कुपीचं नाक कुठी घुसवत होते, ते मी पाहात राहो. आमाले हात लावू देत नव्हते तुमी." मीही आठवून हसलो. कडी आणि नळीच्या मधल्या फटीत दोन थेंब, हे माझं ठरलेलं होतं. वरवर बोट फिरवणारा मी नव्हे.

४ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा चिकटली. तीन दिवस कपाटात होती, आज काढून खीळ दाबली तर आपली म्हैस पुन्हा चिखलात. नागपूरवाला मनातल्या मनात हसत असेल. हसू दे. अजून सत्तावीस दिवस आहेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

तिसऱ्यांदा साफ केली, तिसऱ्यांदा चिकटली. तेल येतं कुठून? बाहेरून नाही, आतून कुठूनतरी झिरपतं. आज टिपकागद नाकाशी नेला. लवंगेचा वास. स्पष्ट.

विचार केला आणि उलगडा झाला. खुशालरावांना दातदुखीची खोड होती. डाव्या दाढेत कायम लवंगेच्या तेलाचा बोळा. त्याच बोटांनी लेन्स हाताळायचे असणार. यापेक्षा मोठा हलगर्जीपणा तो कोणता! तुकडा पाकिटात टाकला आणि बाहेर लिहिलं: 'लवंग. दाढ.' रमाला सांगितलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग कणीक मळायला गेली.

११ सप्टेंबर, गुरुवार

मुलाचा, गौरांगचा, बंगळुरूहून फोन. आईकडून कळलं म्हणे. एकोणसत्तराव्या वर्षी पेट्रोल हुंगत बसू नका, हवी तर तशीच लेन्स ऑनलाइन मागवून देतो. मी म्हटलं, तुझ्या वडिलांनी कधी बदली माल देऊन काम भागवलं नाही. त्यानं तरी एक व्हिडिओ पाहिलाच होता. म्हणाला, "बाबा, पाती पूर्ण कोरडी असावी लागतात. त्यांना तेल अजिबात चालत नाही. कोणीतरी आत तेल घातलंय."

हेच तर मी सांगतोय! मला बरं वाटलं. मुलगा शिकलेला आहे, पण शेवटी बापाच्याच निष्कर्षावर आला. असल्या नाजूक जागी तेल सोडणारा महामूर्ख कोण असेल, असंही तो म्हणाला. मी नाव घेतलं नाही. मित्राची लाज राखली.

१४ सप्टेंबर, रविवार

पाती बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही. प्रत्येक पात्याला दोन्ही टोकांना मोहरीच्या अर्ध्याएवढी खुंटी, एक खालच्या चकतीत, एक वरच्या. काढली. आठ पाती कोऱ्या कागदावर गोल मांडली, पेन्सिलीनं क्रमांक घातले. अंगाला घामाची धार. चष्म्याच्या काचेवर थेंब पडला म्हणून पुसायला उठलो, तेवढ्यात रमानं आत येऊन पंखा लावला.

जे बोललो ते लिहीत नाही. सात सापडली. आठव्यासाठी दोघांनी पलंग सरकवला, उशा झटकल्या, मी गुडघ्यांवर रांगत होतो. दीड तासानं रमालाच सापडलं, तिच्या पदराच्या काठाला चिकटलेलं. तेलकट होतं म्हणून चिकटलं. तिनं ते नखानं अलगद काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मग स्वतःच्या बोटाचा वास घेतला आणि म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही का हो?"

मी म्हटलं, काय कळायचं? ती म्हणाली, काही नाही, जेवायला चला.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज मूळ सापडलं. नळीच्या आत, कडीच्या मागच्या खाचेत, जिथं कापूस पोचत नव्हता तिथं तपकिरी चिकाचा थर. डिंकासारखा. सुईनं उकरला. दातदुखीचं बोट एवढ्या आत जाणार नाही, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मी मात्र मोठ्यानं म्हटलं की पाहा, काय काय भरून ठेवलंय या माणसानं.

रमा दारात उभी होती. फळीजवळ गेली, माझी पितळी कुपी काढली, तिचं बूच उघडलं आणि माझ्या नाकापुढे धरली. 

मी तिला म्हटलं, स्वयंपाकघरातलं पाहा. पंचेचाळीस वर्षांत तिला असं बोललो नव्हतो.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

तीन दिवस वहीला हात लावला नाही. रमाशी बोललो नाही. ती बोलत होती, मीच बोललो नाही.

आज प्रयोग केला. एका टिपकागदावर कुपीतला एक थेंब. दुसऱ्यावर सुईनं खरवडलेला चीक, पेट्रोलमध्ये विरघळवून. दोन्ही उन्हात वाळवले. दोन्हीचा डाग पिवळा, दोन्हीला कडेनं तांबूस कडं, दोन्हीचा वास एक. निष्कर्ष लिहायला एकतीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं, आज स्वतः लिहितो.

तेल माझं आहे. सोळा खंडेनवम्या, दर वेळी दोन थेंब, म्हणजे बत्तीस थेंब. शिलाई मशीनचं तेल पात्यांवर पसरलं, लवंगेचं आत घट्ट झालं. जे फिरतं त्याला तेल, हे पात्यांना लागू नव्हतं, आणि मी कधी कोणाला विचारलं नाही. मनकर्णाबाईंचा चेहरा माझ्या कुपीनं पुसला. आणि त्यांच्याच तेरवीला, त्यांच्याच घरचं जेवताना, चाळीस माणसांत मी त्यांच्या मुलाला हलगर्जी म्हणालो.

लाज वाटते. याहून वेगळा शब्द सुचत नाही.

रमा श्राद्धाचं पान वाढत होती. मी म्हटलं, एक पान मनकर्णाबाईंच्या नावानं वाढ. तिनं विचारलं नाही, वाढलं. मी तिला म्हटलं, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती म्हणाली, "दरसाल त्या दिवशी तुमच्या सदऱ्याला हाच वास असायचा. मीच धुवायची ना."

२५ सप्टेंबर, गुरुवार

काम पुन्हा सुरू. आता रागानं नाही, हट्टानं. सगळे सांधे सोडवले, खाचा सुईनं कोरल्या, नळी तीनदा धुतली, उन्हात ठेवली. आठ पाती एकेक करून कोरी करकरीत पुसली. बसवताना शेवटचं पातं पहिल्याच्या खाली सरकवावं लागतं. तिथं सगळा डोलारा अकरा वेळा कोसळला. बाराव्या वेळी रमानं विणकामाच्या सुईनं पहिलं पातं उचलून धरलं, मी आठवं सरकवलं. बसलं. देवीच्या दिवसांत बाईचा हात लागला म्हणून बसलं, असं ती म्हणते. मी वाद घातला नाही.

आज एक मोह झाला तो लिहून ठेवतो. लेन्स आकांक्षाच्या हाती द्यावी, ग्रीस वितळलं होतं म्हणावं, आणि गप्प बसावं. कोणाला कळणार? पाकीट चुलीत टाकलं की संपलं. गौरांगला विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. या वयात कशाला? पण मी लोकांसमोर बोललो होतो, मग लोकांसमोरच गिळायला पाहिजे. घाबरून मागच्या दारानं जाणार नाही. हाकलून दिलं तर पुढच्या दारानं हाकलून देतील.

३० सप्टेंबर, मंगळवार

पाच दिवस कपाटात, दोन दुपारी उन्हात. आज शंभर वेळा खीळ दाबली, रमानं मोजलं. शंभरही वेळा चट्‌कन. कोरडी ठणठणीत.

कुपीतलं तेल ओतून टाकलं. रिकामी कुपी आणि 'पुरावा' लिहिलेलं पाकीट पिशवीत घातलं. उद्या पहिली एसटी.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

अकोल्याहून संध्याकाळी परत आलो. सगळं जसं झालं तसं लिहितो.

मूर्तिजापूरपर्यंत पाठ केलेलं वाक्य पुढे विसरलो. जठारपेठेतलं घर तेच, रंग नवा. लीलावहिनींनी दार उघडलं आणि कालच येऊन गेल्यासारखं म्हणाल्या, "या भाऊजी, पाय धुवा." ओसरीवर सतरंजी, तिच्यावर विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, आकांक्षाची लॅपटॉपची पिशवी. खुशालरावांचे दोघे भाऊ, पुतणे, शेजारी, पंचवीसेक माणसं. खुशालराव पाटावर बसून हळद कालवत होते. वाळले आहेत. मला पाहिलं, आकांक्षाकडे पाहिलं आणि पुन्हा हळद कालवू लागले.

समोरच्या भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो होता. शेजारी एक खिळा होता, नुसता. एकवीस वर्षं तो खिळा तिथंच आहे.

आकांक्षानं आतून कॅमेरा आणला. मी लेन्स बसवली, खीळ चालवून दाखवली. सगळे वाहवा म्हणाले. जेवणानंतर बोलायचं ठरवलं होतं, पण तोवर धीर धरवला नसता. उभा राहिलो.

मी म्हणालो, "मनकर्णाबाईंच्या तेरवीला या घरात मी खुशालरावांना हलगर्जी म्हणालो होतो. ते खोटं होतं. लेन्समध्ये तेल मी घातलं, दरसाल, पूजा म्हणून. आईंचा फोटो माझ्या तेलानं गेला. हे घ्या." आणि पाकीट व कुपी सतरंजीवर ठेवली.  

 खुशालरावांनी पाकीट उचललं, एक तुकडा नाकाशी नेला, आणि 'लवंग. दाढ.' हे वाचलं. गालाच्या कडेनं हसले.

"मले मालूम होतं, मास्तर," ते म्हणाले. "तेरवीच्या दुसऱ्या दिवशीच मी ते खोलली होती. वासच सांगून राहिला होता."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"काय बोलाव? तुमी तं देवाचं म्हनून घालत होते. अन् दुरुस्तीले दिली असती, तं त्यानं पयले इचारलं असतं, हे तेल कोनं घातलं. मंग तुमचं नाव सांगा लागलं असतं. म्हनून ठेवली कपाटात."

मला राग आला. खरंच राग आला. एकवीस वर्षं या माणसानं माझी अब्रू कपाटात जपून ठेवली, आणि मला भांडायचीसुद्धा संधी दिली नाही. मी तसं म्हणालो, सगळ्यांसमोर. म्हणालो, तुम्हाला एकदा येऊन भांडता आलं असतं.

"तुमाले एकदा येता आलं असतं," खुशालराव म्हणाले.

  मी खाली बसलो.

मग त्यांनी कॅमेरा उचलला. सवयीनं तो माझ्यापुढे धरला, जसा दरवर्षी तेलासाठी धरायचे, आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तेल नाही. ते म्हणाले, "नसूच द्या," आणि कॅमेऱ्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी कॅमेऱ्यात रोल भरला. आकांक्षानं तो कुठूनतरी मागवून ठेवला होता. मला वाटलं आता घरच्यांना उभं करतील. त्यांनी मला त्या रिकाम्या खिळ्याखाली खुर्चीवर बसवलं. आकांक्षानं माळ्यावरचे जुने फ्लॅश काढून तपासून ठेवले होते, ते दोन्ही बाजूंना लावले. मी म्हटलं, माझा कशाला? खुशालराव म्हणाले, "हालू नोका. जसे बसले तसेच ऱ्हा."

फ्लॅश उडाला. त्याच क्षणी मला लेन्सच्या आतला चट्‌ असा आवाज ऐकू आला. आला म्हणजे आला, रमाला पटो न पटो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळीच फोन वाजला. खुशालराव. पाच मिनिटं बोललो, बहुतेक पाऊस आणि सोयाबीन. शेवटी म्हणाले, सोनं द्यायला पुढल्या वर्षी इकडेच या. मी म्हटलं, त्याच्या आधी तुम्ही या. पाहू म्हणाले.

१२ ऑक्टोबर, रविवार

आकांक्षा फोटो घेऊन आली. रोल धुवायला नागपूरला पाठवावा लागला होता. ज्यानं फेकून द्या म्हटलं होतं त्याच्याच शेजारच्या दुकानात. तिनं मुद्दाम त्या कारागिरालाही फोटो दाखवला. आता दुरुस्तीला दोन लेन्स त्यानंच माझ्याकडे पाठवल्या आहेत. दोन्हींच्या मालकांना मी आधी विचारलं, खंडेनवमीला तेल घालता का? एक जण चपापला.

फोटोत माझे डोळे लाल आहेत, तोंड वाकडं आहे, हनुवटी पुढे काढलेली आहे. रमा म्हणाली, भांडायला निघाल्यासारखे दिसता. गौरांगला मोबाइलवर पाठवला तर म्हणाला, दुसरा नाही का? पण एकेक सुरकुती जागच्या जागी आहे, मिशीचे केस मोजून घ्यावेत, कपाळावरचा घामसुद्धा आला आहे. उजेड ना कमी, ना जास्त.

मागे खुशालरावांनी पेन्सिलीनं लिहिलं आहे: 'अॅपर्चर ११. आईच्या वेळेस पन हेच ठेवलं होतं.'

ते वाचून मी बराच वेळ बाहेर जाऊन बसलो.

आता फोटो टेबलासमोर खिळा मारून लावला आहे, पाठीची बाजू पुढे करून. येणारा कोणीही वाचू शकतो. विचारलं तर सांगतो, सगळं, तेलापासून तेरवीपर्यंत. रमा म्हणते, उलटा करा, रोज तेच वाचून त्रास होईल. होऊ दे. मी तो उलटा करणार नाही.